हँडमेड वस्तूंचं लेबल आणि जाडजूड फॉन्ट: आधी नाव बघा, मग फॉन्ट

हँडमेड म्हटलं की लेबलवर हस्ताक्षरासारखा लपेटदार बारीक फॉन्ट, हे समीकरण आता इतकं पक्कं झालंय की साबण असो, क्रोशाची पर्स असो, मेणबत्ती असो नाहीतर चामड्याची डायरी, सगळ्यांवर तीच नाजूक रेघ, तीच शेवटच्या अक्षराची लांबलचक शेपटी, आणि मग कोणतं लेबल कोणाचं ते लक्षातच राहत नाही. मी हाताने वस्तू करणाऱ्यांसाठी लेबलं, टॅग, शिक्के अशी कामं करते आणि मला मनापासून वाटतं की यातल्या बहुतेकांना जाड, ठसठशीत डिस्प्ले फॉन्ट जास्त शोभेल आणि जास्त उपयोगी पडेल. फक्त तो निवडायचा कसा हे कोणी नीट सांगत नाही. 'टॉप १० बोल्ड फॉन्ट्स' अशा याद्या ढिगाने मिळतात, पण त्यातला फॉन्ट यादीत सुंदर दिसतो आणि आपल्या नावावर का बसत नाही, हे त्यात नसतं. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी त्या हस्ताक्षरी फॉन्टचं बोलू. हाताने लिहिलेल्या अक्षरांची खरी गंमत ही की एकाच शब्दातले दोन 'म' कधी सारखे येत नाहीत, एकाची गाठ जरा मोठी, दुसऱ्याची दांडी जरा कललेली. आता 'ममता' असा शब्द कुठल्याही साध्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये टाइप करून मोठा करून बघा, दोन्ही 'म' मध्ये तीच थरथर, त्याच जागी तोच हुक, तंतोतंत. डोळ्याला हे कळतं हो, माणसाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं. काही चांगल्या फॉन्ट्समध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं दिलेली असतात आणि ती आपोआप आलटून पालटून येतात, पण फुकट मिळणाऱ्या फॉन्ट्समध्ये ते क्वचितच. ज्यांना खरंच हाताची अक्षरं हवीयेत त्यांनी सरळ ब्रश घ्यावा, नाव पन्नास वेळा लिहावं, आवडलं ते स्कॅन करावं, त्याला तोड नाही. पण फॉन्टच वापरायचा असेल तर हात असल्याचा आव आणणाऱ्या फॉन्टपेक्षा सरळ उभा राहणारा जाड फॉन्ट मला जास्त प्रामाणिक वाटतो. हाताचं काम वस्तूत दिसतंच आहे ना, टाक्यात, मातीच्या बोटांच्या खुणांत, साबणाच्या कापलेल्या कडेवर. लेबलने फक्त नाव खणखणीत सांगायचं.

डिस्प्ले फॉन्ट म्हणजे काय, तर मोठ्या आकारात बघण्यासाठी काढलेला फॉन्ट. पुस्तकातल्या मजकुराच्या फॉन्टमध्ये अक्षरांमध्ये हवा जास्त असते, बारीक रेघा फार बारीक नसतात, कारण तो लहान आकारात वाचायचा असतो. डिस्प्लेमध्ये उलटं, अक्षरं एकमेकांना जवळ, आतल्या पोकळ्या लहान, जाड-बारीकचा फरक वाटेल तेवढा ताणलेला. हे जन्माला आलं तेच जाहिरातींमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये फॅट फेस नावाचे प्रचंड जाड टाइप (छपाईच्या अक्षरांचे ठसे) आले, १८१६ मध्ये विल्यम कॅस्लन चौथा याच्या नमुना-पुस्तकात पहिला सॅन्स सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना छोटे पाय (सेरिफ) नसलेला, छपाईचा टाइप आला, आणि १८२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्सने लाकडी टाइप मोठ्या प्रमाणावर बनवायची पद्धत काढली, कारण धातूची एवढी मोठी अक्षरं जड आणि महाग व्हायची. म्हणजे भिंतीवरच्या पोस्टरवरून रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचं, हे या अक्षरांचं मूळ काम. आपण तीच अक्षरं दोन इंचाच्या टॅगवर लावतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. मोठ्या आकारासाठी काढलेलं अक्षर लहान जागेत कसं वागतं, हे बघणं म्हणजेच फॉन्ट निवडणं.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. समजा लोकरीच्या वस्तूंचं नाव ठेवलंय 'ऊब'. छान नाव, छोटं, दोनच अक्षरं, जाड फॉन्टला अगदी योग्य वाटेल. आता 'ब' बघा. 'ब' आणि 'व' यांच्यात फरक काय, तर पोटातली ती एक तिरकी रेघ, बस्स. फॉन्ट जसजसा जाड होत जातो तसतशी ती पोटातली पोकळी आकसते आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम फटी उरतात. मोदक नावाचा फॉन्ट आहे, 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, अतिशय लाघवी गुबगुबीत अक्षरं, त्यात आतल्या पोकळ्या म्हणजे मुद्दामच केसाएवढ्या रेघा ठेवल्यात आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. स्टॉलच्या बॅनरवर तो बघत राहावा असा दिसतो. पण तोच 'ऊब' एक सेंटिमीटर उंचीवर रबरी शिक्क्याने कापडी टॅगवर उमटवला की शाई पसरते, फटी बुजतात, आणि समोरचा माणूस 'ऊव' वाचतो. फॉन्टचा दोष नाही यात, जागा चुकली. याच नावाला बालू २ या फॉन्टचा एक्स्ट्रा बोल्ड घेतला तर गोलाई राहते, ऊब राहते आणि 'ब' हा 'ब' च राहतो. शिवाय बालू २ मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत, त्यामुळे शिक्क्यासाठी एक पायरी खाली उतरता येतं आणि कोणाला फरक जाणवत पण नाही.

म्हणून माझं सगळ्यात पहिलं काम असतं नावातली अवघड अक्षरं शोधायची. 'प' आणि 'ष' मध्येही तीच पोटातली रेघ. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' हे जाडीत एकमेकांच्या फार जवळ जातात, कारण फरक फक्त शिरोरेघेच्या तुटण्यात किंवा छोट्याशा गाठीत असतो. 'ख' चे दोन भाग सुटले की 'रव' वाचला जातो. जोडाक्षरं तर वेगळाच विषय आहे, 'मृण्मयी' सारखं नाव घ्या, मातीच्या भांड्यांना किती सुंदर, पण 'ण्म' मध्ये उभ्या दांड्या एकमेकींना खेटून उभ्या, खाली ऋकार, वर वेलांटी, म्हणजे आडवी पण दाटी आणि उभी पण. अशा नावाला सगळ्यात जाड वजन घेऊच नये, बोल्ड किंवा सेमीबोल्ड पुरतं, आणि आकार जरा मोठा ठेवायचा. उलट 'माती', 'रानवा', 'काठी' अशी सुटसुटीत नावं असली तर खुशाल जेवढं जाड मिळेल तेवढं घ्या, ती पेलतात. रोमन लिपीत नाव असेल तर स्मॉल 'ए', 'ई', 'जी' आणि 'एस' वर लक्ष ठेवायचं, जाड फॉन्टमध्ये आधी हीच अक्षरं भरून जातात. आणि स्मॉल 'आर' ला चिकटून 'एन' आला की 'एम' वाटतो, ते पण बघायचं.

दुसरं म्हणजे नाव कशावर उमटणार. हे लोक शेवटी विचारतात, मी पहिल्यांदा विचारते. कारण हँडमेड वस्तूंचं नाव गुळगुळीत आर्ट पेपरवर ऑफसेटने छापलं जाणं तसं कमीच, ते उमटतं क्राफ्ट पेपरवर, सुती पट्टीवर, लाकडावर, चामड्यावर, साबणाच्या अंगावर. क्राफ्ट पेपर शाई पितो, अक्षर छापल्यावर फाइलपेक्षा जाड होतं, म्हणजे आतल्या पोकळ्या अजून लहान. गडद शाई भरून मधे कागदाचं पांढरं अक्षर सोडायचं असेल तर याच्या उलट, आजूबाजूची शाई अक्षराच्या आत सरकते आणि बारीक रेघा गिळून टाकते. विणून केलेल्या लेबलमध्ये प्रत्येक रेघ ही दोऱ्यांची असते, तिथे टोकदार सेरिफ गोळा होऊन बसतात. भरतकामात भरीव टाक्याला साधारण एक मिलिमीटर तरी रुंदी लागते, त्याखाली दोरा नुसता गुंता दिसतो. स्टेन्सिल कापायची असेल तर बंद पोकळीचा तुकडा सुटून खालीच पडतो, 'ब', 'व', 'ठ', 'ढ' असली अक्षरं जोडपट्ट्या ठेवल्याशिवाय कापताच येत नाहीत.

आणि तो घरात ठेवायचा थर्मल लेबल प्रिंटर, बरेच जण तोच वापरतात. त्यातल्या नेहमीच्या मॉडेल्सचं रिझोल्यूशन २०३ डीपीआय, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके, एक ठिपका साधारण ०.१२५ मिलिमीटरचा. आता रोझा वनसारखा फॉन्ट घ्या, इंडियन टाइप फाउंड्रीचा, देवनागरी आणि रोमन दोन्हीत फॅट फेसच्या वळणाचा, जाड दांड्या भरगच्च आणि आडव्या रेघा एकदम बारीक. दागिन्यांच्या कार्डावर, चांगल्या कागदावर, मोठ्या आकारात हा इतका देखणा दिसतो की दुसरं काही बघवत नाही. पण छोट्या स्टिकरवर त्याची बारीक रेघ ०.१ मिलिमीटरवर आली की ती एका ठिपक्यापेक्षाही बारीक झाली, मग प्रिंटर एकतर ती गाळतो किंवा तुटक तुटक छापतो. देवनागरीत तर शिरोरेघ ही आडवी रेघ, तीच बारीक असली आणि तीच तुटली तर शब्दाचा आधारच जातो. थर्मल प्रिंटर आणि शिक्का ज्यांच्या कामाचा रोजचा भाग आहे त्यांनी एकसारख्या जाडीच्या रेघांचा फॉन्ट घ्यावा, यावर मी ठाम आहे.

आकाराबद्दल, म्हणजे गोल, चौकोनी, अरुंद वगैरे, मी फार नियम मानत नाही पण सर्वसाधारण कल असा असतो. गोल टोकांचे जाड फॉन्ट मऊ वाटतात, त्यांचा पूर्वज म्हणाल तर ओझवाल्ड कूपरचा कूपर ब्लॅक, १९२२ चा, शंभर वर्षं उलटून गेली तरी तो जुना होत नाही, आणि त्या धाटणीचं आजचं काही फुकट हवं असेल तर फ्रॉन्सेस बघा, व्हेरिएबल फॉन्ट आहे, त्यात जाडीबरोबर कडांचा मऊपणा पण स्लायडरने कमी-जास्त करता येतो (देवनागरी नाही त्यात). लहान मुलांच्या वस्तू, लोकर, साबण यांना ही गोलाई शोभते. लाकूड आणि चामडं यांना आल्फा स्लॅब वनसारखे चौकोनी पायाचे स्लॅब फॉन्ट छान जातात, लेझरने कोरले तरी कडा टिकतात. हाताने रंगवलेल्या पाटीचा बाज हवा असेल तर यात्रा वन, मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून काढलेला, ब्रशचा कोन त्याच्या रोमन अक्षरांतही आणलाय आणि तरी तो हस्ताक्षराचा आव आणत नाही, मला म्हणूनच फार आवडतो.

अरुंद फॉन्टबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण त्यांच्याकडे हँडमेडवाले बघतच नाहीत, त्यांना ते कारखानी वाटतात. गोल बरणीतली मेणबत्ती घ्या. बरणीचा व्यास ७ सेंटिमीटर धरला तर घेर झाला साधारण २२, आणि समोर उभं राहून बरणी न फिरवता नीट वाचता येतो तो जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणजे ७ सेंटिमीटरच्या आसपास. पाच-सहा अक्षरांचं नाव रुंद जाड फॉन्टमध्ये त्यात बसवायचं म्हणजे आकार इतका कमी करावा लागतो की जाडीचा फायदाच उरत नाही. तेच 'खंड' किंवा 'टेको' या अरुंद फॉन्टचा बोल्ड घेतला, रोमनमध्ये अँटन किंवा बेबास न्यू, तर तेच नाव त्याच रुंदीत बरंच उंच होतं आणि शेल्फवरून वाचता येतं. बेबास न्यूमध्ये स्मॉल अक्षरं नाहीत, सगळी कॅपिटल, ते आधी लक्षात घ्या. लांब नावांना अरुंद फॉन्ट आणि खरबरीत कागद, हे मला फार छान वाटतं, कारखानीपणा कागद काढून टाकतो.

आता दोन लिप्यांचं. बहुतेकांना नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्हीकडे हवं असतं, आणि मग देवनागरीला एक फॉन्ट, रोमनला भलताच, आणि दोन्ही एकमेकांकडे पाठ करून बसलेले. शक्यतो असा फॉन्ट घ्या ज्यात दोन्ही लिप्या एकाच माणसाने किंवा टीमने एकत्र विचार करून काढल्यात. बालू, मोदक, रोझा वन, खंड, यात्रा वन, पॉपिन्स, मुक्ता या सगळ्यांत दोन्ही आहेत. नावावरून मात्र काही समजू नका, श्रीखंड नावाचा एक झकास जाड तिरका फॉन्ट आहे, बरेच जण तो देवनागरी समजून उतरवतात पण तो गुजराती आणि रोमन आहे. आणि दोन्ही लिप्यांना पॉइंट साइझ सारखाच ठेवायचा हा हट्ट सोडा. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार यासाठी जागा ठेवावी लागते, त्यामुळे सेम पॉइंटमध्ये मुख्य अक्षर बरेचदा लहान दिसतं, तेव्हा आकडा न बघता डोळ्याने जुळवायचं.

मराठीसाठी फॉन्ट तपासताना नुसतं नाव टाइप करून थांबू नका, 'ळ', 'ॲ', 'कॅ', 'ऱ्हा', 'ऱ्या' हे टाइप करून बघा, काहींमध्ये 'ऱ्या' मधला अर्धा 'र' भलतीकडेच जातो. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवे असतील तर तेही बघा, काही फॉन्ट्समध्ये दोन्ही वळणं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपलं वळण येतं. कोणी जुना नॉन-युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत नसलेला) फॉन्ट दिला तर जपून, तो त्या मशीनवर दिसतो, दुसरीकडे पाठवला की अगम्य खुणा.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका, मी रोज बघते आणि रोज वाईट वाटतं. एक, फॉन्टमध्ये जाड वजन नसताना सॉफ्टवेअरमधलं 'बी' बटण दाबून किंवा बाहेरून स्ट्रोक (अक्षराच्या कडेने रेघ) देऊन जाड करणं. खऱ्या बोल्डमध्ये अक्षर नव्याने काढलेलं असतं, जिथे दोन रेघा भेटतात तिथे हलकेच बारीक केलेलं असतं, पोकळी राखून ठेवलेली असते. स्ट्रोक बिचारा सगळीकडून सारखाच फुगवतो, कोपरे गाठाळतात. दुसरी, देवनागरी अक्षरांमध्ये अंतर वाढवणं. रोमन कॅपिटल्समध्ये अंतर टाकलं की ऐसपैस, महागडं दिसतं, ते बघून इकडे पण करतात, आणि शिरोरेघ अक्षरागणिक तुटते, शब्द शब्दच राहत नाही. हवा हवी असेल तर नावाच्या चारी बाजूंना सोडा, जाड फॉन्टला तीच जास्त लागते.

आणि जाड फॉन्ट फक्त नावाला. घटक, वजन, धुवायच्या सूचना, पत्ता हे सगळं साध्या वाचनीय फॉन्टमध्ये, मुक्ता किंवा हिंद किंवा नोटो सॅन्स, रेग्युलर वजन. नाव एक्स्ट्रा बोल्ड आणि बाकी रेग्युलर असं स्पष्ट अंतर ठेवा, बोल्डशेजारी सेमीबोल्ड ठेवला की दोघंही गोंधळल्यासारखे दिसतात. मुक्तामध्ये सात वजनं आहेत, त्यामुळे नाव आणि मजकूर दोन्ही एकाच कुटुंबात भागवायचं असेल तर तेही चालतं, कमी नाट्य पण अतिशय नेटकं.

निवड तीन-चार फॉन्ट्सवर आली की स्क्रीन बंद करा, खरंच. प्रत्येक फॉन्टमध्ये नाव अगदी ज्या मापाचं लेबल असेल त्याच मापात प्रिंट करा, कापा, प्रत्यक्ष वस्तूवर चिकटवा किंवा बांधा, आणि टेबलाच्या पलीकडे ठेवून बघा. ज्यांनी नाव आधी कधी ऐकलं नाही अशा दोघांना वाचायला सांगा, आवडलं का हे विचारू नका, काय लिहिलंय एवढंच विचारा. मग मोबाइलने फोटो काढून तो बोटाच्या नखाएवढा करून बघा, कारण ऑनलाइन विकताना तुमचं नाव बरेचदा त्याच मापात दिसणार. या सगळ्यातून जो फॉन्ट वाचता येतो आणि तरी बघावासा वाटतो तो तुमचा. ट्रेंडमध्ये काय आहे याने काही फरक पडत नाही, शिक्का एकदा बनवला की तो वर्षानुवर्षं वापरायचा असतो.

लायसन्सचं राहिलं. फॉन्टच्या पानावर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलं असेल तर विकायच्या वस्तूच्या लेबलवर तो चालत नाही, मग तुम्ही महिन्याला पाच वस्तू विकत असाल तरी. ज्याने एकेक अक्षर घडवलंय तो पण हाताने काम करणाराच आहे, त्याचे पैसे द्यायला हवेत. पैसे खर्च करायचे नसतील तर ओपन फॉन्ट लायसन्सवाले घ्या, गूगल फॉन्ट्सवर बहुतेक त्याच लायसन्सचे आहेत आणि वर देवनागरीचे म्हणून मी जे सांगितले ते तिथे आहेत. लोगो, लेबल, विक्रीच्या वस्तू सगळ्याला चालतात, नुसती फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही एवढंच. लायसन्सची फाइल डाउनलोडबरोबर येते, ती फॉन्टसोबतच जपून ठेवा. आणि प्रिंटरकडे किंवा शिक्केवाल्याकडे फाइल देताना नाव आउटलाइनमध्ये (टाइप केलेल्या मजकुराऐवजी नुसत्या आकारांत) बदलून द्या, म्हणजे त्याच्याकडे फॉन्ट नसला तरी अक्षरं बदलणार नाहीत, पण त्याआधी टाइप केलेली मूळ फाइल वेगळी सेव्ह करा कारण आउटलाइन केलेला मजकूर परत टाइप करता येत नाही, आणि एक नुसती काळ्या रंगातली एसव्हीजी किंवा पीडीएफ कायम तयार ठेवा, शिक्का, लेझर, विणलेलं लेबल, स्क्रीन प्रिंट, सगळेजण पहिल्यांदा तीच मागतात.